स्टॉपचं नाव ‘कंपनी’, पण कंपनी कुठे? : ठाणे, आंबिवली आणि डोंबिवलीची गोष्ट



आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. फोनवर मॅप उघडा आणि मुलुंडहून ठाण्यात शिरा, हायवे धरून. आधी तीन हात नाका लागेल. मग नितीन कंपनी. मग कॅडबरी. पुढे माजिवड्याजवळ गोल्डन डाइज. शहराच्या आत वळलात तर कॅसल मिल नाका. यातलं कुठलंही नाव रिक्षावाल्याला सांगा, तो एक शब्द न विचारता मीटर टाकेल. आता त्यालाच विचारा, नितीन कंपनी काय बनवायची हो? मी विचारलंय, बऱ्याच जणांना. एक काका म्हणाले, “कंपनी म्हणजे स्टॉप आहे तो.”

बरोबरच आहे त्यांचं. स्टॉपच आहे तो.

तर आजचा भाग ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या कारखान्यांवर. ते का आले, कुठे गेले, आणि काही ठिकाणी का गेलेच नाहीत. मशीनपेक्षा जमिनीबद्दल जास्त बोलणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण या सगळ्या भागाचं पुढे काय झालं ते बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरलं : कारखान्याखालची जमीन कोणाच्या नावावर होती.

पहिली रेल्वे सगळ्यांना पाठ आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. कल्याणला मार्गाला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडून थळ घाट चढतो, दुसरा कर्जतकडून बोर घाट. म्हणजे देशावरून मुंबईला येणारा माल, कापूस, धान्य, सगळं कल्याणवरून. पण गंमत बघा, रेल्वे आली म्हणून लगेच कारखाने आले नाहीत. गिरण्या परळ-लालबागलाच उभ्या राहिल्या. आपल्या भागातून नुसता माल जात होता, पुढची साठ-सत्तर वर्षं.

बदल दिसतो तो १९२० च्या दशकात. सरकारने १९२२ मध्ये परदेशी काडेपेट्यांवर जबर कर लावला. मग स्वीडिश कंपनीने विचार केला, बाहेरून आणण्यापेक्षा इथेच बनवू, आणि अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना उभा राहिला. अंबरनाथला आजही विमको नाका आहे. ठाण्यात १९२५ ला रेमंड वुलन मिल. ठाकुर्लीजवळ चोळ्याचं पॉवर हाउस १९२९ च्या सुमाराचं, तेही रेल्वेनेच बांधलेलं, विजेवर गाड्या चालवायला. घाटाच्या पायथ्याशी पाणी होतं, रूळ होते, आणि मुंबईच्या मानाने जमीन मातीमोल होती. तीन गोष्टी एकत्र आल्या.

पाण्याचं सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. कल्याणच्या पुढे शहाड आणि आंबिवली ही स्टेशनं आहेत ना, तिथे दोन मोठे रेयॉनचे कारखाने आले. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन, म्हणजेच एनआरसी. रेयॉन म्हणजे काय? झाडाच्या लगद्यापासून केलेला धागा. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, मधासारखं घट्ट द्रावण होतं, ते बारीक भोकांतून आम्लाच्या हौदात सोडायचं की धागा तयार. नकली रेशीम म्हणायचे त्याला. याला पाणी लागतं प्रचंड, आणि वास सुटतो सडक्या अंड्याचा. लोकलने टिटवाळ्याला गणपतीला जाणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, डोळे मिटून सांगायची म्हणे शहाड आलं ते. उल्हास नदी बाजूलाच होती. नदीतून पाणी घ्यायचं, रुळांवरून लगदा आणायचा, धागा पाठवायचा. जागा त्यासाठीच निवडली होती.

आता १९५९. मुंबईत गर्दी मावेना म्हणून स. गो. बर्वे या आयसीएस अधिकाऱ्यांच्या अभ्यासगटाने सांगितलं की ठाण्याच्या खाडीवर पूल बांधा, पलीकडे वसाहत करा. महाराष्ट्र झाला, १९६१ ला औद्योगिक विकासाचा कायदा झाला, आणि १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. कुठे? ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण.

एमआयडीसी हा शब्द आपण इतका वापरतो की ती नेमकं काय विकते हे कोणी सांगत नाही. ती प्लॉट विकत नाही! ती प्लॉट भाड्याने देते, ९५ वर्षांच्या करारावर. जमीन सरकारी महामंडळाची राहते. वर रस्ता, वीज आणि पाण्याची लाइन. पाण्यासाठी एमआयडीसीने बदलापूरजवळ बारवी नदीवर स्वतःचं धरण बांधलं. कारखान्यांसाठी बांधलेल्या त्या धरणाचं पाणी आज ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबई इथल्या घरांत जातं. तुम्ही यातल्या एखाद्या शहरात राहत असाल तर सकाळी तोंड धुतलंत ते पाणी मुळात कारखान्यांच्या हिशेबातलं असू शकतं.

हे ९५ वर्षांचं कलम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माझे आजोबा ठाण्यातल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. डोंबिवलीला दोन खोल्या, कारण ठाण्यात परवडत नव्हतं. पहिली पाळी सातची, म्हणजे साडेपाचला घरातून बाहेर, स्टीलचा दोन पुड्यांचा डबा. आजी म्हणायची की त्यांना गजर लागायचा नाही, लांबचा भोंगा झोपेत ऐकू यायचा. बोनस मिळाला की दिवाळी, आणि बोनसच्या वाटाघाटी चालू असतील तर घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. वडिलांचं शिक्षण, आत्याचं लग्न, खोलीचं कर्ज, सगळं त्या एका हजेरी कार्डावर. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला काम आवडायचं का? म्हणाले, “अरे, आवडायचं काय त्यात? कायम होतो मी.” कायम. पर्मनंट. आमच्या पिढीला हा शब्द कळत नाही, आणि त्यांना ‘पॅशन’ कळत नव्हता.

कंपनी बंद झाली तेव्हा त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला काही वर्षं गेली. दर महिन्याला फाइल घेऊन जायचे. तेवढंच सांगतो, कारण या भागात प्रत्येक तिसऱ्या घरात हीच गोष्ट आहे आणि तुमच्या घरातली माझ्यापेक्षा वाईट असेल.

मग कारखाने गेले का? यावर दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं : युनियनने वाट लावली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आणि तेव्हापासून कुठलाही कारखाना बंद झाला की त्याच संपाचं नाव घ्यायची सवय लागली. दुसरं उत्तर : चीन. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

सरकारनेच १९६४ पासून प्रोत्साहन योजना आणली होती, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याच्या बाहेर कारखाना काढा आणि सवलती घ्या. म्हणजे एमआयडीसीचा जन्म ठाण्यात होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या हाताने बाहेर जा म्हणून आमंत्रण. कंपन्या शहाण्या होत्या. जुना कारखाना इथे चालू ठेवायचा, नवीन मशीन तिकडे लावायची. रेमंडचंच बघा, जळगाव, मग छिंदवाडा, मग वापी. नवीन माग तिकडे, जुने ठाण्यात. अशा कारखान्याचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पण जुना कारखाना तोट्यात असूनही लगेच बंद का नाही झाला? इथे कायदे येतात, कंटाळू नका, दोनच सांगतो. एक, औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. ती सहज मिळायची नाही. म्हणून ‘बंद’ असं कोणी म्हणायचंच नाही. टाळेबंदी म्हणायचं, किंवा स्वेच्छानिवृत्ती आणायची, किंवा वीजबिल थकवायचं. दोन, १९७६ चा कमाल नागरी जमीनधारणा कायदा. शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन ठेवता येत नव्हती. कारखान्यांना सूट होती, पण कारखान्यासाठी. कारखाना गेला तर सूट कशाच्या आधारावर?

हा कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला.

आता २००९ साल घ्या. त्या एका वर्षात आपल्या भागात तीन गोष्टी झाल्या. ठाण्यात पोखरण रोडवरची रेमंडची मिल बंद झाली. (जाता जाता, या पोखरणचा राजस्थानातल्या अणुचाचणीशी काही संबंध नाही. पोखरण म्हणजे तळं.) कॅडबरी जंक्शनजवळ कोरम मॉल उघडला. आणि नोव्हेंबरमध्ये मोहन्याच्या एनआरसीला टाळं लागलं.

कोरम हे नाव कुठून आलं माहितीये? कोरस. कोरस कंपनीच्या जागेवर तो मॉल आहे. कोरस कार्बन पेपर बनवायची, टाइपरायटरच्या रिबिनी बनवायची. कार्बन पेपर तुम्ही पाहिला नसेल, पण रोज वापरता : ईमेलमधला सीसी, म्हणजे कार्बन कॉपी, त्याचीच आठवण. टाइपरायटर गेले, कार्बन पेपर गेला. इथे युनियनचा काय दोष? मालच कोणाला नको होता. जमीन मात्र सगळ्यांना हवी होती. रेमंडच्या जागेवर २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच घरं बांधायला काढली. कापड विकणारी कंपनी फ्लॅट विकू लागली, आणि यात बेकायदा काहीही नाही. जमीन त्यांच्याच नावावर होती. गणित एवढंच की शंभर वर्षं सूट शिवून जेवढं मिळेल त्यापेक्षा ती जागा जास्त देते.

कागदावर एक अट असते. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी घरं बांधायची तर कामगारांची सगळी देणी दिली आहेत असा कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला लागतो. म्हणजे टॉवरच्या पायाखाली, निदान फाइलमध्ये तरी, फिटर-वेल्डरांचा हिशेब आहे. आजोबांच्या कंपनीच्या जागेवरही आता टॉवर आहे. त्यांचा हिशेब अखेर झाला, तो ज्या दराने झाला तो विषय वेगळा.

वागळे इस्टेटला मात्र टॉवर तसे आले नाहीत. का? ते ९५ वर्षांचं कलम. जमीन एमआयडीसीची, वापर औद्योगिकच हवा. पण सरकारने आयटीला उद्योग मानलं, मग वर्कशॉप पाडून काचेच्या आयटी इमारती उभ्या राहिल्या. तुमच्यापैकी कितीतरी जण पासपोर्ट काढायला वागळे इस्टेटला रोड नंबर २२ वर गेले असतील. लेथ मशीनच्या गल्लीत जाऊन आपण परदेशाचा कागद आणला.

एनआरसीची गोष्ट यापेक्षा वेगळी आणि जास्त त्रासदायक. तिथे जमीन खासगी होती पण कर्ज डोक्यावर. मोहन्यात कारखाना म्हणजे फक्त कारखाना नव्हता, कामगार वसाहत, शाळा, दुकानं, सगळं गाव त्या गेटवर. टाळं लागलं तेव्हा हजारो कामगार होते. अनेकांनी वसाहतीतली घरं सोडली नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं : आमचा पैसा द्या, आम्ही जातो. घर हेच त्यांच्या हातातलं एकमेव तारण होतं ना. प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. त्या कायद्यात कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांच्या शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्यांना बँकांच्या बरोबरीची रांग मिळते. त्याआधीची देणी मागच्या रांगेत. आता तुम्हीच विचार करा, ज्या कारखान्याला टाळं लागूनच वर्षानुवर्षं झाली, तिथल्या माणसाला ‘शेवटचे २४ महिने’ म्हणजे काय वाटत असेल. पुढे ती जागा अदानी समूहाकडे गेली. थकबाकीसाठी माजी कामगारांची आंदोलनं त्यानंतरही झाली. आणि २०२५ मध्ये त्याच जागेवर सिमेंट ग्राइंडिंगच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा मोहने आणि आजूबाजूच्या गावांनी धुळीच्या भीतीने विरोध केला. ज्या गावाने कधीकाळी रेयॉनचा वास पगार म्हणून सहन केला, तेच गाव आता कारखाना नको म्हणतं. मला यात विसंगती दिसत नाही. तेव्हा कारखान्यात त्यांची माणसं होती.

आता डोंबिवली. माझं गाव, म्हणून जरा जपून बोलतो.

डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला, एमआयडीसी साठच्या दशकात आली. फेज १ आणि फेज २. जमिनी सोनारपाडा, सागाव, सागर्ली, आजदे, गोळवली अशा गावांच्या, बहुतेक आगरी शेतकऱ्यांच्या. इथे रंग, रसायनं, औषधांचा कच्चा माल, कापडावरची प्रक्रिया असे छोटे-मध्यम कारखाने आले. मोठी नावं थोडी, बरेचसे छोटे प्लॉट.  आणि जमीन करारावरची, त्यामुळे ठाण्यासारखं मालकाने उठून टॉवर बांधणंही सोपं नाही. कारखाने राहिले. आजूबाजूला घरं येत गेली.

या वादात नेहमी एक वाक्य येतं : “कारखाने आधी होते, तुम्ही नंतर आलात.” सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं असेल. पण एमआयडीसीच्या आराखड्यातच निवासी विभाग आहे, मिलापनगर, सुदर्शननगर तिथेच. गावं तर कारखान्यांच्याही आधीची. कामगार कारखान्याजवळ राहणार हे गृहीतच होतं. घर आणि रिअ‍ॅक्टर यांच्यात अंतर किती असावं हा प्रश्न ज्यांनी परवानग्या दिल्या त्यांना विचारायचा, फ्लॅट घेणाऱ्याला नाही.

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बघायला आले. मीम्स झाली भरपूर, मीही एक फॉरवर्ड केलं होतं. पण त्या दोन्हींच्या मध्ये २६ मे २०१६ आहे. प्रोबेस कंपनीतला स्फोट. मी घरी होतो, सकाळी साडेअकरा वाजून गेले होते. आधी जमीन हलली, मग आवाज, मग काचा. आईने गॅस बंद केला, तिला वाटलं आपल्याच घरात. १२ माणसं गेली. कितीतरी लांबच्या इमारतींच्या खिडक्या फुटल्या.

२०२२ मध्ये सरकारने सांगितलं, डोंबिवलीतल्या १५६ धोकादायक कारखान्यांना पाताळगंगेला हलवू. २३ मे २०२४ ला, दुपारी, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. पुन्हा दहाहून जास्त बळी, पुन्हा काचा. ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. बातम्यांत आधी बॉयलर फुटला म्हणत होते, नंतर रिअ‍ॅक्टर. हा नुसता शब्दाचा फरक नाही. बॉयलर पाण्याची वाफ करतो, त्याला वेगळा कायदा, वेगळे निरीक्षक. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनं एकमेकांत मिसळून उष्णता तयार होते आणि थंड करणं चुकलं तर ती वाढतच जाते. फुटलेली वस्तू नेमकी काय हेच पहिल्या काही तासांत धड सांगता येत नसेल, तर आत काय चाललं होतं हे बाहेरच्या कोणाला माहीत होतं?

आणि हलवण्याबद्दल. डोंबिवलीत मी ज्यांच्याशी बोललो त्यातले बहुतेक म्हणतात, हलवा, उद्याच हलवा. मीही म्हणतो. फक्त सोनारपाड्यात भाड्याने राहणारा, ठेकेदाराच्या रजिस्टरवर असलेला एक जण मला म्हणाला, “कंपनी पाताळगंगेला जाईल हो. मी कसा जाणार?” तो कायम नाही. त्याला टाळेबंदी लागू नाही, स्वेच्छानिवृत्ती नाही, आणि कामगार आयुक्तांच्या दाखल्यात त्याचं नाव येईलच असं नाही. आजोबांकडे निदान एक फाइल होती घेऊन फिरायला.

बरं, वेळ झाली. तुमच्या घरात कोणी एनआरसी, सेंच्युरी, विमको, वागळे इस्टेट, फेज १-२ मध्ये काम केलं असेल तर त्यांच्याकडून जुनं हजेरी कार्ड, पगाराची स्लिप असं काही मिळतंय का बघा, आणि त्यांच्याच आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. ती कंपनी काय बनवायची, एवढं नक्की विचारा. पुढच्या भागात वालधुनी नदीबद्दल बोलू. अंबरनाथपासून सुरू करू, जिथे ती अजून नदी दिसते.